सोमवारचा फ्रूट केक

केळी काळी निघाली म्हणून मी केक घेतला. गोष्ट एवढीच होती. पण आमच्या पेठेत एवढीशी गोष्ट एवढीशी राहत नाही, आणि माझ्या हाती लागली तर मुळीच राहत नाही.

मी रावजी. कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभा जन्म काढला, आता घरी बसून असतो. शिक्षण म्हणाल तर बोर्डावरची मोठी अक्षरं वाचता येतात. बारीक अक्षरं मी वाचत नाही. बारीक अक्षरात लिहिणारा माणूस फसवायलाच बसलेला असतो असं माझं मत आहे. (डोळ्याचा डॉक्टर म्हणतो, नंबर वाढलाय. त्याचा बोर्डसुद्धा बारीक अक्षरातच आहे.)

यंदा आमच्या घरात सोळा सोमवारांचं व्रत चाललं होतं. धरलं होतं आमच्या मंडळींनी, गोजरबाईनं. आमचा मुलगा श्रीमंत एस.टी.त कंट्रोलर. त्याला उचलून टाकला पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चांद्याला. तिथून त्याची बायकापोरं दिवाळीला यायला निघाली की देवदिवाळीला पोचायची. नातवंडं आजीला ओळखीनाशी झाली. मग गोजरबाईनं श्रावणात सिद्धेश्वराच्या तळ्यावर जाऊन हात जोडले, आणि श्रीमंताची बदली सोलापूरला होऊ दे म्हणून सोमवार धरले. मीठ नाही, धान्य नाही, संध्याकाळी पूजा झाल्याशिवाय पोटात काही नाही. फार तर दूध, नाहीतर एखादं फळ. एक सोमवार चुकला तर सगळे पुन्हा पहिल्यापासून.

तिला बदलीची काळजी. मला ‘पुन्हा पहिल्यापासून’ची. कारण तिचा उपवास म्हणजे आमची चूल गार. दर सोमवारी मी रविवारची वाळकी भाकरी शेंगाच्या चटणीबरोबर खात होतो, आणि ती भाकरी अशी की भिंतीत घातली असती तर वीट वाचली असती. मी स्वतः उपवास करत नाही. माझा आणि देवाचा व्यवहार सरळ आहे. मी त्याला काही मागत नाही, तो मला उपाशी ठेवत नाही.

आता थंडी पडली होती आणि शेवटचा सोमवार आला होता. संध्याकाळी उद्यापन. गल्लीतल्या सवाष्णी जेवायला सांगितलेल्या. पूजेला जोडीनं बसायचं म्हणून त्या दिवशी मलाही उपवास. श्रीमंताचं पत्र आलेलं, की साहेबाच्या टेबलावर बदलीचा कागद आहे, सही तेवढी व्हायचीय. म्हणजे सगळं त्या एका सोमवारावर येऊन बसलेलं.

दुपारी गोजरबाई चुरम्याचं कुटता कुटता मटकन खाली बसली. डोळ्यापुढं अंधारी आली म्हणाली. मी म्हटलं, काहीतरी खा. ती म्हणाली, केळं मिळालं तर बघा, आणि एक सांगते, भांडू नका.

मी गेलो आणि भांडलो. केळीवाल्यानं घडाच्या आतल्या बाजूची काळी केळी मोडून दिली. मी म्हटलं, ही केळी हायत का वांगी? तो म्हणाला, मग भाजून खावा. त्यावरून शब्द वाढला. शेवटी तो म्हणाला, आजोबा, तुमाला विकण्यापरीस म्हशीला घालीन. मी म्हटलं, घाल. आणि रिकाम्या हातानं निघालो. (तत्त्वाचा प्रश्न होता. तत्त्व पिशवीत घालून घरी नेता येत नाही हे मला नंतर आठवलं.)

कोपऱ्यावर दस्तगीरभाईची बेकरी. तिच्यावर बोर्ड, चांगला हातभर अक्षरांचा. ‘फ्रूट केक. ताजी फळे, भरपूर ताकद. एका केकात दोन सफरचंदांचे सत्त्व.’ मी तिथंच थांबलो. दोन सफरचंदं म्हणजे पैसेवाल्या माणसाच्या आजारपणाला आणतात ती गोष्ट. आणि इथं ती कागदाच्या वाटीत बसवलेली. काचेच्या बरणीत रांगेनं केक मांडलेले, वर फुगून आलेले, त्यात लाल-हिरवे तुकडे चमकताहेत.

मी विचारलं, “फळं खरी का?”

दस्तगीरभाई म्हणाला, “चाचा, फळाबिगर फ्रूट केक कसा व्हायचा?”

बरोबर बोलला. मी एक घेतला. अंड्याचं विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आंबा घेताना आपण विचारतो का, ह्यात अंडं हाय का म्हणून?

वाटेत मला एक शंका आली तेवढी. फळ आहे हे ठीक, पण फळाभोवती हे पिवळं-भुरं काय आहे? मग माझं मीच उत्तर काढलं. केळ्याला साल असते, मोसंबीला साल असते, नारळाला तर केवढी असते. तसं हे फळ, आणि हा केक म्हणजे त्याची साल. माझ्या डोक्यात अशी गोष्ट एकदा बसली की पाहुण्यासारखी उठत नाही.

घरी येऊन मी गोजरबाईला हे समजावून सांगितलं. तिनं केककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा केककडं बघितलं.

“साल सोलून खायची का सालीसकट?” तिनं विचारलं.

“सालीसकट. ताकद सालीतच असतीय.”

“ठेवा तितं ताटलीत.”

मी ठेवला आणि जरा पडलो. उपाशी माणसाला झोप चांगली लागते, कारण दुसरं काम नसतं. उठून बघतो तर ताटली मोकळी, धुऊन पालथी घातलेली, आणि गोजरबाई उखळापुढं बसून असली कुटतेय की भांडी वाजताहेत. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. इतक्या वर्षांत मी आणलेल्या कुठल्याही वस्तूनं हा परिणाम केलेला नव्हता.  कर्तबगार माणसानं बोलू नये, बाहेर जाऊन बोलावं.

बाहेर ओट्यावर शेजारची अक्कम्मा तांदूळ निवडत बसलेली. ही लिंगायत बाई, देवाधर्माला कडक. तिच्या घरात अंडं हा शब्दसुद्धा उंबऱ्याबाहेर जाऊन बोलतात. गल्लीत उपवासाला काय चालतं, काय नाही, ह्याचा निकाल तिच्याकडं. बटाटा चालतो, कोथिंबीर चालत नाही, हे सगळं ती सांगणार आणि गल्ली खाणार. मी तिला ऐटीत सांगितलं, की बघ, एक फ्रूट केक खाल्ला आणि गोजरबाईत गिरणीचं इंजिन शिरलं.

अक्कम्माचा हात सुपातच थांबला.

“अण्णा,” ती हळूच म्हणाली, “केकात मैदा असतोय, अंडंबी असतंय की हो.”

मी म्हटलं, फ्रूटचा आहे. ती म्हणाली, कशाचाही असू दे. तिच्या जावयानं हौसेनं नातवाच्या वाढदिवसाला एक आणला होता, तेव्हा कळलं. केक परत गेला, त्याच्यामागं जावईही रुसून परत गेला.

 (मैदा मी सालीत बसवला असता. अंडं कुठं बसवणार?) तसं अंड्याशी माझं वैर नाही. रविवारी दिलंत तर दोन खाईन. पण सोमवारी, तेही शेवटच्या सोमवारी, आणि तेही माझ्या हातानं. मला डोळ्यापुढं चांद्याच्या साहेबाच्या टेबलावरचा कागद दिसला, आणि त्यावर सही करायला उचललेला साहेबाचा हात पुन्हा खाली गेलेला दिसला. त्याच्यामागं वाळक्या भाकरींची एक लांबलचक रांग दिसली, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

अक्कम्माला मी म्हटलं, गोजरबाईला बोलू नकोस. ती म्हणाली, शिव शिव, मी कशाला कुणाला सांगू. आणि खरं सांगतो, तिनं कुणालाही सांगितलं नाही. ते काम मीच केलं.

मी तडक बेकरी गाठली. वाटेत मनाला धीर देत होतो. आजकाल भेसळीचे दिवस. दुधात पाणी, मिरचीत भुस्सा, रॉकेलमध्ये आणखी काय काय. मग एवढा महागाचा माल, अंडं, ते कोण घालतोय केकात? दस्तगीरभाई लबाड असावा, अशी मी सिद्धेश्वराला मनोमन विनवणी केली. जन्मात देवाकडं पहिल्यांदा काही मागितलं.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मी सगळ्यांच्या मधून घुसून त्याला म्हटलं, “दस्तगीरभाई, खरं बोल. केकात अंडं घालत नाहीस ना?”

त्याचा चेहरा उतरला. “किसने बोला, चाचा?”

“कुणी का बोलंना. तू घालत न्हाईस. मला ठावं हाय. हो म्हण आणि सूट.”

“अंडा नै तो केक फुगेगा कैसा? मेरे बाप के टैम से ताजा अंडा डालते.”

“अरं, वाचव की चार पैसे. सगळेच वाचवत्यात. मी कुणाला सांगणार न्हाय.”

आता विचार करा. एक म्हातारा भर दुकानात ओरडतोय की ह्या बेकरीत अंडं घालत नाहीत, आणि मालकानं ते कबूल करावं म्हणून हातापाया पडतोय. दस्तगीरभाईला वाटलं पलीकडच्या बेकरीवाल्यानं मला पाठवलाय. तो लालबुंद झाला. गिऱ्हाईकं हातातले पुडे परत ठेवायला लागली. एक बाई म्हणाली, तरीच ह्या वेळेला केक बसलेला लागला. लोक जमले, भेसळ भेसळ म्हणू लागले. गर्दी जमायला सोलापुरात कारण लागत नाही, आणि इथं तर कारण होतं.

आणि समोरच्या हॉटेलात कोण बसलेलं असावं? भेसळ तपासणारा साहेब. कातडी बॅग घेऊन दुधाचे नमुने गोळा करत फिरत होता, चहाला टेकला होता. भेसळ म्हटल्यावर बशीतला चहा बशीत ठेवून आला.

“तक्रारदार कोण?” त्यानं विचारलं.

गर्दी मागं सरकली. मला मागं सरकता आलं नाही, मागं बरणी होती.

साहेबानं केक फोडायला लावला. दस्तगीरभाई आत गेला आणि रागानं एक टोपली आणून फळीवर पालथी केली. अंड्यांची टरफलं. ढीगच्या ढीग, सकाळपासूनची. त्यातली काही घरंगळून माझ्या पायावर पडली. “लो. देखो. गिनो. अंडा नै बोलते.” मग त्यानं लोणी आणलं, दुधाचं भांडं आणलं, मैद्याचं पोतं ओढत आणलं, आणि साहेबाला एकेक हुंगायला लावलं. साहेब मान डोलवत म्हणाला, माल चोख आहे, अंडं भरपूर आहे, असा केक पुण्यात मिळायचा नाही.

कुठलंही प्रमाणपत्र मला माझ्या आयुष्यात कधी इतकं झोंबलं नव्हतं.

मग साहेबानं टाचणीनं एक लाल तुकडा उचलला. “हे फळ कुठलं?”

इथं दस्तगीरभाई पहिल्यांदा चाचरला. पपई आहे म्हणाला. कच्ची. तुकडे करून साखरेच्या पाकात शिजवायचे, मग रंग द्यायचा. लाल पण पपई, हिरवी पण पपई.

“आणि ती दोन सफरचंदं?”

दस्तगीरभाई म्हणाला, बोर्ड रंगवणाऱ्यानं आपल्या मनानं लिहिलंय.

म्हणजे बघा. अंडं खरं, लोणी खरं, दूध खरं, मैदासुद्धा खरा. मी ज्याच्या भरवशावर घेतला ते फळच तेवढं नव्हतं. मी म्हटलं, साहेब, हे कच्चं हाय, कच्च्या पपईची भाजी करत्यात, म्हंजे हे फळ न्हवंच, म्हंजे ही फसवणूक. साहेब म्हणाला, पपई हे फळच, कच्चं असो की पिकलेलं. बोर्डावरची सफरचंदं पुसून टाका, बाकी तक्रार निकालात. मग त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

“आजोबा, अंडं हवं म्हणून लोक तक्रार करतात. तुम्हाला अंडं नको का होतं?”

मागं सरकलेली गर्दी आता पुढं सरकली.  मला काहीतरी खोटं सुचायला हवं होतं. पण उपाशीपोटी माझं डोकं चालत नाही, आणि भरल्यापोटीही फारसं नाही.

“आमच्या मंडळींनी आज खाल्लाय,” मी म्हटलं. “तिचा सोळावा सोमवार हाय.”

एक सामुदायिक ‘अरारारा’ निघाला. दस्तगीरभाईचा राग एकदम गेला. त्यानं फळीमागून येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, चाचा, पैले बोलना था, सोमवारवाला बिना अंडे का नानकटाई है मेरे पास. मी म्हटलं, आता ती तूच खा.

मी घराकडं निघालो. चालत होतो हळू, पण बातमी एस.टी.नं गेली असावी. दारात पोचलो तर गल्लीतल्या सगळ्या सवाष्णी ओट्यापाशी उभ्या, नटूनथटून, पण आत कुणी जाईना. एकमेकींच्या कानाला लागताहेत. सवाष्ण जेवली नाही तर उद्यापन नाही, उद्यापन नाही तर व्रत नाही, हे मलाही कळत होतं. अक्कम्मा मधोमध उभी. तिनं मला बघून कपाळावर हात मारला. तिनं पोटात ठेवलेलं मी चौकात मांडून आलो होतो.

गोजरबाई दारात आली. नवं लुगडं, हातात पूजेचं ताट. तिनं सगळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“श्रीमंताचं बाबा, काय केलासा?”

मी सगळं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं, त्यामुळं तिचा चेहरा दिसला नाही. शेवटी म्हटलं, दोष माझा हाय, देवाला सांग, पाप माझ्या नावावर मांड म्हणावं, श्रीमंताच्या न्हवं. असं मी बोललो. कसं बोललो कुणास ठाऊक, जन्मात कधी बोललो नव्हतो.

गोजरबाईनं ताट खाली ठेवलं.

“मी खाल्लाच न्हाय तो,” ती म्हणाली.

“मग कुटं गेला?”

“मागं बोळात शेळीला घातला. या समद्या, बघा.”

मागच्या बोळात अक्कम्माची शेळी बांधलेली असते. सगळी वरात तिकडं निघाली, मी शेवटी. शेळी खुंट्याला रवंथ करत उभी, आणि तिच्या पायापाशी केक पडलेला. अख्खा. कागदाच्या वाटीसकट. एका अंगाला ओलं नाक लागल्याची खूण तेवढी होती, आणि मुंग्या लागल्या होत्या. अक्कम्मानं वाकून नीट बघितलं, निकाल देणारी तीच. मग सरळ उभी राहिली.

“दात लागला न्हाय,” ती म्हणाली. “ना हिचा, ना माज्या शेळीचा. व्रत नीट हाय. चला ग, जेवाया बसा.”

बायका हसत आत गेल्या. मी बोळातच राहिलो. गोजरबाईला अडवून विचारलं, की बाई, ताटली धुऊन ठेवलीस, कुटत बसलीस, एवढी ताकद आली कुठनं? ती म्हणाली, कपभर दूध घेतलं. मी विचारलं, मग केक आणला तवाच का न्हाई बोललीस? तर म्हणाली, तुमी भर उन्हातनं एवढं प्रेमानं आणलासा, तोंडावर न्हाय कसं म्हणू.

“आणि शेळीला घातला ते?”

“लग्नापासनं तेच करतीया. तुमी आणलेलं काय बी असू दे, आदी शेळीला दाखवती. तिनं खाल्लं तर घरात घेती. मागं तुमी सांडगं आणलं हुतं, दळण आणलं हुतं...” पुढची यादी मी ऐकली नाही. माणसाला काही गोष्टी माहीत नसलेल्याच बऱ्या. शेळ्या बदलत गेल्या असतील, विश्वास मात्र शेळीवरच.

उद्यापन झालं. चुरमा झाला. मी इतका खाल्ला की अक्कम्मानं मला दुसऱ्या खोलीत नेऊन बसवायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात बदलीचा कागद निघाला. श्रीमंत चांद्याहून सुटला. गोजरबाईनं सिद्धेश्वराला नारळ वाढवला, गल्लीत पेढे वाटले, आणि मग कागद नीट वाचून घेतला. बदली टेंभुर्णीला होती.

मी म्हटलं, वाईट काय त्यात. आपल्याच जिल्ह्यात, चांद्यापेक्षा जवळ. सकाळच्या गाडीनं निघालं तर जेवायला पोचतो.

गोजरबाई शांतपणे म्हणाली, “मी सोलापूर मागितलं हुतं. देव देणारच हुता. तुमी चौकात बोंबललासा, तेवढं अंतर त्यानं कापून घेतलं.”

 अक्कम्माकडं निकाल गेला. तिनं विचार करून सांगितलं, की गोजरबाईचं व्रत पूर्ण झालं, तिला पुन्हा करायचं कारण नाही. टेंभुर्णी ते सोलापूर एवढं जे राहिलंय, ते ज्याच्यामुळं राहिलं त्यानं सोमवार धरून भरून काढावं. सोळाच्या सोळा.

आज माझा पहिला सोमवार. सकाळपासून पोटात काही नाही. मघाशी बाजारात जाऊन, कुणाशी न भांडता, राजगिऱ्याचे लाडू घेऊन आलो. चांगले गोल, बिनअंड्याचे, दुकानदाराला दोनदा विचारून घेतलेले. गोजरबाईनं पुडा हातात घेतला आणि मागच्या बोळात गेली.

शेळीला आवडले. सगळे खाल्ले.